खालची बारीक ओळ

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. पंचवटीत, भाजीबाजाराकडून नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत बाबांचा छापखाना होता. पुढच्या खोलीत ट्रेडल मशीन, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. सातपूरच्या कामगारांचं पत्रक, मोलकरणींच्या संघटनेचं पत्रक, नळाला पाणी नाही म्हणून निघणाऱ्या हंडा मोर्चाचं पत्रक, आणि मध्येमध्ये लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, चष्म्याच्या दुकानाची जाहिरात. मी वाचायला शिकले ती प्रुफांवर. वर्गातली मुलं घर, नळ, बदक गिरवत होती तेव्हा मला 'बेमुदत' आणि 'निषेध' हे शब्द लांबूनसुद्धा ओळखता यायचे. माझ्या बोलण्यातला तिखटपणा तिथूनच आला, असं आई म्हणते. ती ते तक्रार म्हणून सांगते. मला तशी तक्रार वाटत नाही.

प्रत्येक पत्रकाच्या तळाशी, सगळ्यात लहान खिळ्यांत जुळवलेली एक ओळ असायची. छापखान्याचं नाव आणि पत्ता. ती कोणी वाचत नाही. गिऱ्हाईकं तर म्हणायची, ती ओळ उडवा, तेवढ्यात आमची आणखी एक मागणी बसेल. बाबा उडवायचे नाहीत. तसा कायदा आहे, हे एक कारण. दुसरं त्यांनी मला पत्रकांच्या घड्या घालताना सांगितलं होतं. मजकुरावरून कोणी चिडलं, कोणाला उलट विचारायचं असलं, तर त्याला कुठे यायचं ते कळलं पाहिजे. "कागद रस्त्यावर सोडायचा तर सोबत आपला पत्ताही सोडायचा," ते म्हणाले होते.

मी ज्याच्याबद्दल लिहिते आहे तो छापखान्यातला माणूस नव्हता. तो रॅप करायचा. मराठीत, नाशिकमध्ये, नव्वदचं दशक जेमतेम अर्धं सरलं होतं तेव्हापासून. या प्रकाराला रॅप म्हणतात हे आमच्या गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं, सुरुवातीला त्यालाही नव्हतं. आता शहरातली पोरं कॉम्प्युटरवर ठेका लावून मराठी रॅप करतात, आणि त्यातल्या कोणाला तरी पेपरवाले पहिला म्हणून मोकळे होतात. त्या पोरांवर माझा राग नाही. ती मेहनत करतात. राग आहे तो न विचारता 'पहिला' हा शब्द छापणाऱ्यांवर. म्हणून लिहिते आहे.

छापखान्याला लागून लाउडस्पीकरचं दुकान होतं. दोन्ही धंदे एकमेकांच्या आधारानं चालायचे. साड्यांचा सेल लागला की गिऱ्हाईक आधी बाबांकडे हँडबिल टाकायचं आणि मग त्याच मजकुराचा कागद घेऊन शेजारी जायचं. तिथे तो मजकूर कॅसेटवर भरला जायचा, आणि दोन भोंगे बांधलेली रिक्षा ती कॅसेट वाजवत गावभर फिरायची. मजकूर भरणारा आवाज त्याचा होता.

घर मखमलाबादला, फुलांचे वाफे, झेंडू आणि शेवंती. पहाटे फुलं बाजारात टाकायची, वडिलांबरोबर विक्री उरकायची आणि मग दुकानात यायचं, असा त्याचा दिवस. तो माझ्याहून बराच मोठा होता, मी त्याला दादा म्हणायचे. तो मला पत्रकबाई म्हणायचा, मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून. "काय पत्रकबाई, आज कोणाचा निषेध हाय?" हे त्याचं रोजचं. मी रोज खरंच कोणाचा ना कोणाचा निषेध करत असल्यामुळे मला सांगावंही लागायचं.

दुकानात कॅसेटवरून कॅसेट करून देण्याचंही काम चाले. एकदा गंगापूर रोडच्या एका कॉलेजकुमाराने एक परदेशी कॅसेट दिली, तिच्या दोन प्रती करायच्या होत्या. दादाने ती लावली आणि प्रती तयार झाल्यावरही वाजवत राहिला. इंग्रजी त्याला येत नव्हतं. पण संध्याकाळी तो बाबांना सांगायला आला, आणि मशीन चालू असल्यामुळे मोठ्याने सांगावं लागलं. "काका, हा गडी गात नाय. बोलतोय. पण बोलणं ठेक्यावर बसवलंय, आणि श्वास कुठं घेतो ते कळूच देत नाय. आपण साड्यांसाठी करतो तेच करतोय तो, फक्त स्वतःसाठी."

बाबांनी मशीन थांबवलं नाही, नुसती मान हलवली. मला ते वाक्य राहून राहून आठवत राहिलं. 'फक्त स्वतःसाठी.'

मग तो सुरू झाला. लिहीत काहीच नसे. झेंडू तोडताना, सायकलवरून येताना, वायरी गुंडाळताना तोंडातल्या तोंडात बांधायचा, आणि ओळ पक्की झाली की मोठ्याने म्हणून बघायचा. घरी याचा निराळाच अर्थ निघाला. त्याची आई एकदा फुलांचं बोचकं ठेवायला दुकानाशी थांबली तेव्हा माझ्या आईला म्हणाली, "याला गाणं म्हण म्हटलं तर हा भांडतो बाई. वाफ्यात एकलाच भांडतो. कोणाशी, ते तरी सांग म्हणावं."

माझ्या आईने विचारलं तेव्हा तो लाजला होता. कोणाशी नाही, म्हणाला.

एव्हाना मी नववीत होते आणि जगातला सगळा अन्याय पत्रक काढून मिटेल याची मला खात्री होती. मी त्याच्यासाठी एक रचना लिहिली. विषय पाणी. त्यात धरण होतं, नळ होता, महापालिका होती, शेवटी क्रमाने मागण्या होत्या. मी ती स्वच्छ अक्षरात त्याच्या हातात दिली. त्याने ती दोनदा म्हणायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मध्येच धाप लागल्यासारखा थांबला.

"पत्रकबाई, यात श्वास कुठं घ्यायचा?"

मी म्हटलं, मुद्दे महत्त्वाचे आहेत.

"माणूस मेल्यावर मुद्दे कोण म्हणणार?"

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तोच छापखान्यात आला, कागदाच्या रिमांच्या ढिगावर बसला आणि माझी रचना घेऊन एकेक शब्द काढत गेला. 'महानगरपालिकेच्या गलथान कारभारामुळे' यातलं फक्त 'गलथान' ठेवलं. मला वाटलं, माझं पत्रक फाडतोय. पण काढता काढता मशीनच्या आवाजाशी तो ओळ जुळवत होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

ट्रेडलचा आवाज ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कागद घेताना एक जड धडक, मग पान उघडताना हलकं खट, आणि पुन्हा धडक. आमच्या मशीनला मोटार लावली होती आणि मोटारीचा पट्टा कायम ढिला पडायचा. त्यामुळे धडक झाल्यावर खट किंचित रेंगाळून यायचं. बाबांना तो आवाज सहन व्हायचा नाही. जेवताना घास हातात धरून ते कान द्यायचे आणि म्हणायचे, पट्टा ढिला झालाय. आई म्हणायची, आधी जेवा.

दादाने तो आवाज मागितला. दुकानातला मोठा टेप आणून रिमांवर ठेवला आणि मशीन सुरू करायला सांगितलं.

"थांब, पट्टा आवळतो, मग घे," बाबा म्हणाले.

"नाय काका, ढिलाच राहू द्या. त्या रेंगाळण्यातच मजा हाय."

बाबांना ते पटलं नव्हतं. आपल्या मशीनचा दोष कोणीतरी जपून ठेवतोय, याने ते जरा खट्टू झाले होते. पण त्यांनी कोरे कागद लावून मशीन चालू ठेवलं, कॅसेटची एक बाजू भरेपर्यंत. मग दादाने एका डेकवर तो आवाज लावला, दुसऱ्या डेकवर कोरी कॅसेट टाकली आणि माइकसमोर उभा राहिला. माझं पाणी त्यात नव्हतं. त्याचा झेंडू होता.

पहाटे उठतो, झेंडू तोडतो,
क्रेटवर क्रेट, गाडीत जोडतो,
देवाच्या गळ्यात माळ पोचते,
नाव मी पायरीपाशी सोडतो.

गाणं मोठं होतं, बाजारातला दलाल, देवळातली गर्दी, दुपारी गटारात पडलेली फुलं असं सगळं त्यात येत होतं. पण प्रत्येक कडवं याच चार ओळींवर परतायचं. मी तिथेच उभी होते. काही मागणी नसलेला मजकूरसुद्धा कोणाची तरी बाजू घेऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळलं म्हणून थोडा रागही आला.

त्याला एकच गोष्ट हवी होती. अशी पाच-सहा गाणी भरून एक कॅसेट निघावी, आणि तिच्यावर त्याचं नाव असावं. एवढंच. गावभर त्याचा आवाज फिरत होता, सेलचा, सर्कशीचा, पाणी बंद असल्याचा, पण कोणाचा आवाज हे कोणी विचारत नव्हतं. भोंग्याला कुठे नाव असतं?

गाणं बाहेर पडलं ते चुकीने. नमुना म्हणून त्याने ते साड्यांच्या सेलच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला भरलं होतं. कॅसेट वाया घालवायची नाही, ही दुकानाची पद्धत. पहिल्या बाजूला सेल, दुसरी बाजू रिकामीच राहायची, तिथे नमुने भरायचे. रिक्षावाला बाजू संपली की मागे गुंडाळून पुन्हा तीच लावायचा. पण त्या आठवड्यात रिक्षावाल्याने नवा डेक बसवला होता. बाजू संपली की तो डेक आपोआप दुसरी बाजू वाजवायचा. रिक्षावाला मालेगाव स्टँडपाशी चहा घेत बसला आणि भोंग्यांतून साड्या संपून ट्रेडल सुरू झालं. धडक, खट. मग झेंडू. लोकांना वाटलं सेलचंच काहीतरी आहे. रिक्षावाल्याला वाटलं मालकाने मुद्दाम भरलंय. तो ते वाजवत पंचवटी कारंजावर आला, तिथून भाजीबाजाराला फेरी मारून दिंडोरी नाक्यापर्यंत गेला.

साडीवाला संध्याकाळी दुकानात आला. त्याची तक्रार अशी होती की बायका येतात, साड्या बघत नाहीत आणि ते फुलांचं काय होतं ते विचारतात. दादा मान खाली घालून ऐकत होता. पण त्याचे कान लाल झाले होते, आणि ते लाजेने नव्हे.

आठवड्याभरात बाजारातली पोरं क्रेट उचलताना त्या ओळी म्हणायला लागली. ओठांवर एकदा चढल्या त्या तशाच राहिल्या. आमच्या शाळेच्या रिक्षातली मुलंही म्हणायची. फुलवाल्या बायका गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की एकमेकींकडे बघून 'नाव मी पायरीपाशी' एवढंच म्हणायच्या आणि हसायच्या. गाणं सगळ्यांचं झालं. त्याचं मात्र झालं नाही, कारण साडीच्या सेलमधलं गाणं कोणाचं, हा प्रश्न कोणाला पडत नाही.

पुढची काही वर्षं मी थोडक्यात सांगते, कारण ती एकसारखीच गेली. तो जिथे जागा मिळेल तिथे उभा राहिला. गणपतीत ऑर्केस्ट्रा असायचे. गायिका साडी बदलायला आत गेली की मधली दोन-चार मिनिटं त्याला मिळायची. निवेदक म्हणायचा, आता एक गमतीदार आयटम. लोक आधीच हसायच्या तयारीत. तो गटारातल्या फुलांपर्यंत आला की हसणं थांबायचं, आणि नेमकी तेव्हा गायिका तयार व्हायची. मी दोनदा निवेदकाशी भांडले. 'गमतीदार' हा शब्द मागे घ्या म्हटलं. दुसऱ्या खेपेला दादानेच मला बाजूला ओढलं. म्हणाला, "त्याला कशाला झाडतेस? त्याच्याकडं दुसरा शब्दच नाय." मुंबईला एका कॅसेट कंपनीतही जाऊन आला. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकलं आणि हिंदीत करा किंवा विनोदी करा, म्हणजे बघू, असं सांगितलं. तो दुपारच्या एसटीने परत आला आणि थेट दुकानात जाऊन बसला. चष्म्याच्या दुकानाची कॅसेट राहिली होती.

याच काळात आमचं ट्रेडल गेलं. ऑफसेटपुढे टिकलं नाही. भंगारवाल्याने ते सुटं करून हातगाडीवर चढवलं तेव्हा बाबा दिंडोरीला लग्नपत्रिका पोचवायला गेले होते. त्यांनी ती वेळ मुद्दाम निवडली होती. नंतर ते कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचे आणि दुसऱ्याच्या छापखान्यातून छापून आणायचे. त्यामुळे तळाच्या ओळीत नाव दुसऱ्याचं यायचं. गठ्ठा घरी आला की वरचा एक कागद उचलून त्यांची नजर पहिल्यांदा खाली जायची.

मग महापालिकेची निवडणूक आली. मी तेव्हा कॉलेज संपवून एका साप्ताहिकात लिहायला लागले होते आणि प्रत्येक उमेदवाराबद्दल माझं मत तयार होतं. एके दुपारी मी लाउडस्पीकरच्या दुकानात बसले असताना एका उमेदवाराचा माणूस आला. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाईल. त्याने दादाला 'कलाकार' म्हणून हाक मारली. आजवर कोणी मारली नव्हती.

त्याचं म्हणणं सरळ होतं. झेंडूचं गाणं गावात लहान पोरालाही येतं. तेच प्रचाराला हवं. चाल तीच, ठेका तोच. शेवटच्या ओळीत साहेबांचं नाव. बदल्यात नाशिक रोडच्या चांगल्या स्टुडिओत दादाच्या सगळ्या गाण्यांची सीडी, वर त्याचा फोटो, त्याचं नाव, आणि निकालानंतर मैदानावर मोठा कार्यक्रम.

"तू तिथं नाव पायरीपाशी सोडतोस ना?" तो हसत म्हणाला. "मग ती जागा रिकामीच आहे की. साहेबांचं बसवू."

दादाने उद्या सांगतो म्हटलं. तो माणूस बाहेर पडल्याबरोबर मी सुरू झाले. काय काय बोलले ते इथे सगळं देत नाही, पण त्यात विकणे, लाचारी आणि फुलं तोडणाऱ्या हातांशी गद्दारी हे शब्द होते. दादा माइकची वायर गुंडाळत ऐकत राहिला. ती आधीच गुंडाळलेली होती, तरी उलगडून पुन्हा गुंडाळत होता.

मग म्हणाला, "काका सगळ्या पक्षांची पत्रकं छापतात. त्यांना म्हणालीस कधी गद्दार?"

खरं म्हणजे हा प्रश्न मला लहानपणापासून खुपत होता. मी उठले आणि शेजारी आमच्या दारात गेले. बाबा कॉम्प्युटरसमोर बसले होते. दादाही मागोमाग येऊन उंबऱ्यापाशी थांबला. मी बाबांना सगळं सांगितलं, त्याचा प्रश्नही सांगितला.

बाबांनी चष्मा काढून पुसला. वेळ हवा असला की ते असंच करायचे.

"छापली," ते म्हणाले. "ज्यांना जन्मात मत देणार नाही त्यांचीही छापली. तो धंदा आहे. तूही सगळ्यांच्या कॅसेटी भरतोस, भर. पण त्यांचा मजकूर त्यांच्या नावाने गेला आणि छापणारा माझ्या नावाने गेला. त्यांचं नाव मी माझ्या जागेवर बसवलं नाही." मग म्हणाले, "तुझी जागाच नाहीये रे कॅसेटवर. ती आधी कर."

दादा उंबऱ्यावरूनच परत फिरला.

दुसऱ्या दिवशी त्याने उमेदवाराच्या माणसाला जे सांगितलं ते मी प्रत्यक्ष ऐकलं. नवं गाणं करून देतो, साहेबांच्या नावाचं, लय झ्याक. झेंडूचं देणार नाय. आणि नव्या गाण्याच्या शेवटी आवाज कोणाचा ते मी म्हणणार, एका श्वासात.

तो माणूस खरंच हसला. वाईटपणे नाही, गंमत वाटली म्हणून. "अरे कलाकार, मतं साहेबांना पाहिजेत का तुला?"

"मला मत नको. पत्ता सांगायचाय."

त्याला ते कळलं नाही. त्याने एक मोबाईल कानाला लावला आणि बोलत बोलत निघून गेला. सीडी गेली, फोटो गेला, मैदान गेलं. सगळं चहा निवायच्या आत. दादाच्या आईला हे समजलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "फोटो तरी आला असता." मला समाधान वाटायला हवं होतं, कारण मला हवं तसंच घडलं होतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून माझ्या तोंडून एकही घोषणा निघाली नाही. तेव्हा तो पस्तिशीला आला होता. अशी माणसं दुकानात पुन्हा पुन्हा येत नसतात.

उमेदवाराने दुसऱ्या एका पोराकडून नक्कल करून घेतली. ठेका कीबोर्डवरचा, गुळगुळीत. शेवटच्या ओळीत नाव आणि चिन्ह. ती रिक्षा भाजीबाजारात आली की नावाच्या जागी आल्यावर क्रेटवरची पोरं भोंग्यापेक्षा मोठ्याने जुनी ओळ म्हणायची. उमेदवार निवडून आला. लोकांनी ओळ बदलू दिली नाही आणि मत मात्र दिलं. आमच्या शहराबद्दल माझं जे काही मत आहे त्यात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत.

निवडणूक झाल्यावर दादाने आपली जागा केली. जाहिरातीचा मजकूर संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, त्यामध्ये क्षणभर नुसती खरखर असायची. त्या खरखरीत त्याने आपली ओळ बसवली. आवाज कोणाचा, नाव, आणि गाव मखमलाबाद. एका श्वासात, इतकी चटकन की गिऱ्हाईकाने तक्रार करेपर्यंत पुढचा मजकूर सुरू झालेला असे. दुकानाच्या मालकाने कुरकुर केली. दादा म्हणाला, गिऱ्हाईकाच्या वेळेतलं काही घेतलेलं नाही, खरखर आपली आहे. मालकाने मग ती तशीच राहू दिली. ती ओळ मी इथे छापत नाही. "माझं नाव मी म्हणीन, तू छापू नको," असं त्याने मला बजावलं आहे, आणि त्याने हे बजावायला फार वर्षं घालवली आहेत.

तर ती ओळ गावभर फिरायला लागली. सेल, शिबिर, हरवलेला कुत्रा, पाणीपुरवठा बंद, सगळ्याच्या तळाशी ती.

गेल्या वर्षी थंडीत मी बाजारात मेथी घेत होते. पाणी बंद असल्याची रिक्षा आली. माझ्या ओळखीच्या भाजीवाल्या मावशी जुडीची माती झटकत होत्या. रिक्षातला मजकूर संपला आणि त्याच्या बरोबरीने, मान वर न करता, मावशींनीही ती ओळ म्हटली. नाव, गाव, सगळं, त्याच श्वासात.

"मावशी, कोण हो हा?" मी मुद्दाम विचारलं.

"तो? रिक्षातला आवाज हाय. पाणी जाणार असलं की तोच येतो."

"गाणीपण करतो. झेंडूचं गाणं नाही का, नाव मी पायरीपाशी..."

मावशींचा हात थांबला. "ते याचं हाय?" त्यांनी शेजारच्या बाईला कोपरखळी मारली. "अगं ए, झेंडूचं गाणं या रिक्षावाल्याचं हाय म्हणे."

शेजारची म्हणाली, "काहीतरीच. ते लय जुनं हाय. ते कोणाचंच नाय."

मी मेथी तिथेच विसरून दुकानात गेले. इतकी वर्षं गाणं नावाशिवाय फिरत होतं, आणि आता नाव गाण्याशिवाय फिरत होतं. दोन्ही सगळ्यांना पाठ. दोघांची गाठ कोणी घातली नव्हती, आम्हीसुद्धा. मी रागाने सांगत होते. दादा ऐकताना आधी गंभीर होता, मग त्याचे खांदे हलायला लागले. तो आवाज न करता हसत होता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "कोणाचंच नाय म्हणाली?" त्याने पुन्हा विचारलं. मग उठून मागच्या फळीवरचं एक खोकं खाली काढलं आणि त्यातल्या जुन्या कॅसेटी उलथ्यापालथ्या करायला लागला. मला म्हणाला, "तू जा पत्रकबाई. मेथी घेऊन ये."

पुढच्या आठवड्यात, दुपारच्या वेळी, बाबा कोचावर पडून पेपर वाचत होते. मी दाराशी बसून माझ्या लेखाचं प्रूफ तपासत होते. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा आली. रक्तदान शिबिराचा मजकूर होता, तारीख, वेळ, जागा. मजकूर संपला. खरखर आली नाही. तिच्याऐवजी धडक आली, मग किंचित रेंगाळून खट. पुन्हा धडक, खट. त्यावर दादाने नाव आणि गाव म्हटलं, या वेळी घाई न करता, आणि नावाला चिकटून झेंडूच्या शेवटच्या ओळीतले पहिले दोनच शब्द. नाव मी. पुढचं भाजीबाजाराच्या बाजूने कोणीतरी पोरगं ओरडलं.

बाबांनी पेपर खाली केला. मशीन जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ते उठून दाराशी आले, चौकटीला हात लावून उभे राहिले. रिक्षा हळूहळू नदीकडे उतरत होती, मजकूर पुन्हा पहिल्यापासून चालू झाला होता. तो संपेपर्यंत ते थांबले. पुन्हा धडक आली, पुन्हा उशिराने खट.

"पट्टा ढिला आहे," ते म्हणाले, आणि रिक्षा वळणापलीकडे जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.